जांभ्याच्या मातीचे रंग, आणि पसारा कुठे घालायचा

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीबाहेर पडलेली तांबडी भुकटी म्हणजे कोकणात फुकट मिळणारा पक्का रंग. ही लाली लोहाची, त्यामुळे ती उन्हाने उडत नाही. रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) रस कागदावर सुरेख दिसतो, पण उजेडात फिका पडत जातो. म्हणून सुरुवात मातीनेच करा. हात, फरशी, कपडे माखणारच. फक्त एक ठरवून टाका, रंग तयार करताना काटेकोर राहायचं आणि कागदावर आल्यावर हात सैल सोडायचा. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं: रंग कसातरी कालवतात आणि कागदावर मात्र जीव मुठीत धरून बसतात.

अर्धा किलो माती घ्या. वाळूत मिसळलेली, खाडीकाठची शक्यतो नको; तिच्यातलं मीठ वाळल्यावर पांढरं फुटतं आणि पावसाळी हवेत ओल ओढून घेतं. तीच वापरायची असेल तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. माती बादलीत 3 लिटर पाण्यात खळखळून ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाला रेव राहते, ती टाकून द्या. असं दोनदा केल्यावर गढूळ पाणी रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी हलकेच काढलं की खाली लोण्यासारखा गाळ उरतो. बोटांत चोळून पाहा. कचकच लागली तर पुन्हा निथळा. कोरडी माती कुटत बसू नका, धूळ नाकात जाते.

रंग कागदाला धरून राहावा म्हणून डिंक लागतो: बाभळीच्या डिंकाचे खडे 2 चमचे, कोमट पाणी 4 चमचे. रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकला की बुरशी उशिरा धरते. बाजारच्या काही जलरंगांत मध असतो म्हणून तोही घालावासा वाटेल, पण पावसात नको: रंग चिकट राहतो, वर मुंग्या येतात. करवंटीत दोन चमचे घट्ट गाळाला एक चमचा डिंक घाला. कागदाच्या कपट्यावर फासून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी पडलाय. रंग चकाकून तडकला तर जास्त झालाय.

काळ्यासाठी करवंटीचा कोळसा पाट्यावर वाटा. कोळशाची पूड पाण्यावर तरंगते, तेव्हा आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवा, जवळ चूल किंवा दिवा नको. काजूच्या टरफलांचा कोळसा मात्र करू नका, त्यांचं तेल कातडी भाजतं. पांढऱ्यासाठी पालघरकडच्या वारली चित्रांतली रीत सोपी आहे: तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक. हा रंग दुसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करा.

आता कागद. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या, चारही कडा चिकटपट्टीने फळीला पक्क्या करा, खाली जुनं लुगडं अंथरा. पेन्सिलीने काही काढू नका. कागद भरपूर ओला करा, तांबड्या गाळाचं पाणी करवंटीने एका कोपऱ्यातून सोडा आणि फळी तिरकी करा. रंग जिकडे धावेल तिकडे धावू द्या. नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेचून त्याचा ब्रश करा. त्याच्या ओढी वेड्यावाकड्या येतात, मातीला त्या शोभतात.

खरी गंमत आणि खरी फसगत वाळताना होते. कागद चकाकतोय तोवर काहीही टाका, रंग मऊ पसरतो. चकाकी जाऊन कागद नुसता गार लागतो, तेव्हा पडलेला पाण्याचा थेंब आधीचा रंग ढकलतो आणि फुलकोबीसारखी दातेरी कड उठते. ती मुद्दाम हवी असेल तर हीच वेळ. नको असेल तर हात मागे घ्या. डाग पुसायला फडकं मारलं की कागदाचे तंतू उठतात, तिथे पुढचा रंग काळपट बसतो. डाग राहू द्या, पूर्ण वाळल्यावर त्यातच झाड, खडक, होडीची बाजू शोधा आणि मोजक्या काळ्या रेघांनी बाहेर काढा. उन्हाळ्यात अर्ध्या तासात वाळणारा थर आषाढात तासन्‌तास ओला राहतो, म्हणून दोन-तीन फळ्या एकदम लावा, म्हणजे हात शिवशिवले तरी ओल्या कागदाकडे वळत नाहीत. गार लागणारा कागद कपाटात ठेवू नका, काळे ठिपके येतात.

कपड्यांवरची माती आधी वाळू द्या, झटका, मग धुवा. ब्लीच लावू नका. लोहाचा डाग त्याने निघत नाही, उलट पक्का बसतो.

ब्रश धुतलेली बादलीही मोरीत ओतू नका. रात्रभरात तिच्या तळाशी तांबड्या-काळ्याचा मिळून भुरा गाळ बसतो. त्यात डिंक घाला. सावल्यांना इतका चांगला रंग वेगळा कालवून जमत नाही.