जळगाव ते हॅवलॉक: प्रवासातल्या या चुका टाळा

खानदेशातून अंदमानला निघालं की रेल्वे, विमान आणि बोट असं तिन्ही वाट्याला येतं. बहुतेक जण तिकिटं घरापासून पुढे मोजत काढतात: रात्री जळगावला गाडी, सकाळी मुंबई, दुपारी पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी हॅवलॉक. कागदावर सगळं झकास बसतं, आणि नेमकं तिथंच फसतं.

हिशेब बोटीपासून मागे करा. हॅवलॉकच्या (आताच्या स्वराज द्वीपच्या) बोटी दिवसाउजेडी चालतात, शेवटची दुपारीच सुटते. अंदमान पार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा आपल्याकडे गुरं अजून रानातून परतायची असतात. बोट हुकली की त्या दिवशी दुसरा उपाय नाही. म्हणून पहिला मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा आणि बोट दुसऱ्या सकाळची घ्या. (२०२४ पासून या शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे.) रात्र वाया जाते म्हणणाऱ्यांनी सेल्युलर जेल बघून घ्यावं, घाईच्या सहलीत नाहीतरी तेच राहून जातं.

गाडी निवडताना ती सुटते कुठून ते बघा. हावड्याहून येणारी गाडी भुसावळला पोचते तेव्हा तिची निम्म्याहून जास्त वाट सरलेली असते आणि वाटेतला सगळा उशीर तिच्या अंगावर असतो. त्यापेक्षा अमरावतीहून सुटणारी मुंबई गाडी बरी. पावसाळ्यात मात्र कोणत्याच गाडीचा भरवसा धरू नका. कसारा घाटात दरड आली तर सगळ्याच अडकतात. तेव्हा मुंबईला आदल्या दिवशीच पोचलेलं बरं.

फलाटावर कुणीतरी म्हणतं, "गाडी लेट शे," आणि आपण बाकावर बसून राहतो. असं करू नका. तुमच्या स्टेशनवर गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास करणारच नसाल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मागता येतात. त्यासाठी गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागण्याचा रेल्वेचा अर्ज) भरावा लागतो. नंतर भांडून उपयोग नाही.

आता विमान. मुंबई ते चेन्नई एक तिकीट आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर दुसरं, असं वेगवेगळ्या पीएनआरवर स्वस्तात काढलं, तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीला देणंघेणं नसतं. चार पैसे जास्त गेले तरी एकाच पीएनआरवर काढा. मुंबईत टर्मिनल टी-१ की टी-२ हेही तिकिटावर नीट वाचा. एक सांताक्रूझला, दुसरं सहारला. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं.

विमानाला ६ तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, असा पर्याय द्यायचा असतो. काउंटरवर नियमाचं नाव घेऊन, शांतपणे मागा. उशीर हवामानामुळे असेल तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. वाऱ्यापावसात पोर्ट ब्लेअरला विमान उतरू न शकल्याने परत फिरतं, असंही घडतं.

उशीर कळताच हॅवलॉकच्या हॉटेलला फोन करा. कळवलं नाही तर आलेच नाहीत असं समजून खोली दुसऱ्याला जाऊ शकते. तिकिटांचे छापील कागद आणि थोडी रोकड जवळ असू द्या, कारण बेटावर नेटवर्क दगा देतं.

सामानाचं एवढंच: दशम्या हातातल्या पिशवीत घ्या, लोणच्याची बरणी चेक-इनच्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र त्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवा.