मराठी-इंग्रजी मजकूर आणि स्पेलचेक: या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या पतसंस्थेचा किंवा साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल घ्या. मजकूर मराठी, ऑडिट रिपोर्ट इंग्रजी. असा अहवाल लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करताना बरेच जण पानभर लाल रेघा बघून वैतागतात आणि स्पेलचेकच बंद करून टाकतात. असं करू नका. गडबड बहुतेकदा सेटिंगमध्ये असते.

रायटर लिपी पाहून भाषा ठरवतो. रोमन अक्षरांना 'वेस्टर्न' खात्यातली भाषा लागते, देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या खात्यातली. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर हा दुसरा पर्याय चालू करून तिथे मराठी निवडा. दोन्ही खाती नीट भरली की मराठी-इंग्रजीसाठी शब्दाशब्दाला भाषा बदलत बसावं लागत नाही. यादीत मराठीच्या शेजारी बरोबरची खूण नसेल, तर शब्दकोशच बसवलेला नाही. तो बसवून रायटर पुन्हा उघडा.

'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या खात्यात मराठीऐवजी हिंदी राहून जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. 'आहे'खाली रेघ आली तर निदान लक्षात तरी येतं. पण 'शक्ति', 'स्थिति' हिंदीत बरोबर असल्यामुळे बिनबोभाट सुटतात. मराठीत 'शक्ती', 'स्थिती' हवं. लिपी एकच असल्यामुळे इथे रायटरला आपोआप फरक कळत नाही. अहवालात हिंदी परिपत्रक असेल तर तेवढाच भाग निवडून त्याची भाषा हिंदी करा.

आता 'शेतकऱ्यांना', 'साताऱ्याला' यांतला ऱ्य. तो दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे. शब्दकोशात एकच रूप असेल तर दुसऱ्याखाली रेघ येते, आणि एक रूप शोधलं तर दुसरं सापडत नाही. दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या अहवालात हे हमखास होतं. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्ट-जे आणि मग डी दाबलं की नुक्त्याचा अर्धा ऱ् मिळतो. सगळ्यांनी तोच वापरावा. जुन्या मजकुरातलं अक्षर कॉपी करून 'फाइंड अँड रिप्लेस'ने एकदाच बदलून घ्या. ऱ्या, ऱ्यां, ऱ्ह अशी जोडाक्षरं वेगवेगळी बदला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

'कवठेमहांकाळहून', 'तासगावच्या' अशा रूपांखाली रेघ दिसली तर ते चूकच आहे असं नाही. प्रत्यय लागलेलं गावाचं नाव कोशात नसू शकतं. मात्र 'ॲड टू डिक्शनरी' घाईत दाबू नका. चुकीचं रूप एकदा आत गेलं की पुढच्या प्रत्येक फाइलमध्ये ते बरोबर ठरतं. 'रायटिंग एड्स'मध्ये स्वतःचा कोश उघडून ते काढता येतं.

जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यात आत रोमन अक्षरंच असतात, म्हणून तपासणी इंग्रजीची होते.

आणि 'आचाऱ्यांना' मानधन द्यायचं की 'आचार्यांना', हे कोणताही शब्दकोश सांगणार नाही. दोन्ही शब्द बरोबर आहेत. सभासदांना प्रत जाण्याआधी एकदा कुणाकडून तरी ती मोठ्याने वाचून घ्या.