छोटा ट्रॅक्टर आणि मोअर कसा निवडावा: सुरुवात गवतापासून

गावाकडे दोन-चार एकर जागा असली की गवत हा कायमचा पाहुणा. घराभोवतीची हिरवळ, झाडांच्या ओळी, रस्त्याच्या कडा, मागचं माळरान. हाताने कापून उरकत नाही म्हटल्यावर माणूस ट्रॅक्टर बघायला निघतो. किती एचपीचा, किती वजन उचलतो, सीट कशी आहे, हे सगळं विचारून होतं आणि मोअरचं, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या गवत कापणाऱ्या यंत्राचं, मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं.

मीही आधी ट्रॅक्टरच घेतला होता. मग त्याला झेपेल असा मोअर शोधला. तो घरी आणून जोडल्यावर कळलं की त्याची कापणीची रुंदी मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा कमी आहे. दर फेरीला कडेच्या चाकाखाली न कापलेलं गवत चेपलं जायचं. पुढच्या फेरीत मोअर त्यावरून गेला तरी आडवं झालेलं गवत पात्यात येत नसे, आणि दोन दिवसांनी शेतभर हिरव्या रेघा उभ्या राहत. म्हणून मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला क्रम उलटा करायला सांगतो: आधी गवत बघा, त्यावरून मोअर ठरवा आणि त्या मोअरला चालवेल असा ट्रॅक्टर शेवटी निवडा.

पायरी १: सगळी जागा पायी फिरा

गवत वाढलेलं असताना फिरा, म्हणजे खरी परिस्थिती दिसते. हातात मोजपट्टी आणि थोड्या खुंट्या असू द्या. दगड, झाडांचे बुंधे, जुन्या कुंपणाची तार, पाण्याचे पाट जिथे जिथे असतील तिथे खुंटी ठोका. फाटकांची रुंदी आणि शेडच्या दाराची उंचीही लिहून घ्या. पाणी साचणारे तुकडे लक्षात ठेवा. तिथे जड ट्रॅक्टर नेला की जमीन दबते आणि चाकोऱ्या पडतात.

आता उतार. तो नजरेने ठरवू नका, नजर इथे हमखास फसवते. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या, तिचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा आणि दुसरं टोक स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. उचललेल्या टोकाखालचं अंतर मोजा. ते २७ सेंटिमीटर भरलं तर उतार १५ अंशांचा आहे. बसून चालवायच्या बऱ्याच मोअरच्या पुस्तिकांत हीच कमाल मर्यादा दिलेली असते, तीसुद्धा कोरड्या गवतावर. ओल्या गवतावर त्याच्या बऱ्याच आधी चाक घसरतं. ज्या तुकड्याचा उतार याहून जास्त आहे, तो ट्रॅक्टरच्या हिशेबातून आजच वगळा. तिथे खांद्यावरचा ब्रश कटर वापरा.

पायरी २: गवतावरून मोअर ठरवा

नेहमी कापली जाणारी, सपाट, दगड नसलेली हिरवळ असेल तर फिनिश मोअर. त्याला तीन पाती असतात, कापणी एकसारखी येते, पण दगड किंवा जाड काडी त्याला सोसत नाही. आणि फक्त हिरवळच असेल, तीही एकरभराच्या आत, तर तुम्हाला ट्रॅक्टर लागतच नाही. पोटाखाली पाती असलेला राइडिंग मोअर पुरतो. हे ऐकून हिरमोड होतो, पण वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरची देखभाल करण्यापेक्षा हे बरं.

माळरानावर कमरेएवढं गवत, मधूनमधून अंगठ्याएवढ्या जाडीची झुडपं असतील तर रोटरी कटर, ज्याला बरेच जण स्लॅशर म्हणतात. जाड पत्र्याच्या छताखाली एक गिअरबॉक्स आणि त्याखाली फिरणारी, बिजागरीसारख्या बोल्टवर लटकलेली पाती. दगडाला आपटलं की पातं मागे सरतं, तुटत नाही. बांधणी साधी असल्याने दुरुस्तीही सोपी. कापणी मात्र ओबडधोबड होते आणि कापलेलं गवत ओळीने पडून राहतं, दाट असेल तर खालचं पिवळं पडतं.

या दोघांच्या मधला आहे फ्लेल मोअर, आणि मिश्र जागेसाठी माझी पसंती त्यालाच. आडव्या दांड्यावर डझनावारी छोट्या सुऱ्या लटकलेल्या असतात, दांडा फिरला की त्या ताठ होतात. गवत बारीक चुरून खाली समान पसरतं. सुऱ्या छोट्या आणि दांडा आडवा, त्यामुळे दगड बाजूला फेकला जाण्याची भीती रोटरी कटरपेक्षा बरीच कमी, आणि मागे लांबी कमी असल्याने झाडांच्या ओळींत वळायलाही सोपा. त्याला ताकद थोडी जास्त लागते. एखादी सुरी तुटली तर लगेच बदलावी लागते, नाहीतर दांड्याचा तोल जातो, सगळा मोअर थरथरतो आणि बेअरिंग खराब होतं. वाय आकाराच्या सुऱ्या गवताला चांगल्या, हातोडीसारख्या जड सुऱ्या झुडपांना.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कापलेलं गवत जनावरांसाठी वाळवून ठेवायचं असेल तर वरचे तिन्ही कामाचे नाहीत, कारण ते गवताचे तुकडे करतात. वैरणीसाठी बुंध्याशी एकदाच कापणारा सिकल बार किंवा ड्रम मोअर लागतो.

पायरी ३: रुंदी आणि वेळेचा हिशेब

रुंदी मीटरमध्ये, वेग ताशी मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार केला की तासाला किती चौरस मीटर कापून होईल ते कळतं. वळणं आणि एकमेकांवर येणाऱ्या फेऱ्या यांसाठी त्यातून पाचवा भाग वजा करा. दीड मीटरचा मोअर ताशी ५ किलोमीटरने चालवला तर ७,५०० चौरस मीटर, वजावट करून ६,०००, म्हणजे साधारण दीड एकर. चार एकरांना पावणेतीन तास. उंच, दाट गवतात वेग ३ किलोमीटरवर येतो आणि तेच काम साडेचार तासांवर जातं. एवढा वेळ तुम्हाला परवडतो का, तेवढंच बघा. उगाच रुंद मोअर घेऊ नका. रुंद मोअर खड्ड्या-उंचवट्यांवर एका बाजूला माती खरवडतो आणि दुसऱ्या बाजूला गवत सोडतो.

रुंदीची खालची मर्यादा मात्र पक्की: मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि मोअर दोन्ही बाजूंना त्याहून थोडा जास्तच असू द्या.

पायरी ४: एचपी बघताना पीटीओचा आकडा विचारा

बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. मोअरपर्यंत पोचतो तो पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्याचा एचपी, आणि तो नेहमी कमी असतो. २५ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण १८ ते २१ मिळतात. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअर असेल तर खालच्या बाजूला.

रोटरी कटरसाठी चालत आलेला अंदाज असा: दर फूट रुंदीला ५ पीटीओ एचपी. चार फुटांना २०, पाच फुटांना २५. फिनिश मोअरला याहून कमी पुरतात. चढावर चालायचं असेल तर थोडी ताकद हाताशी राखून ठेवा.

ट्रॅक्टर आणि मोअर दोघांच्याही पाटीवर पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे असा असल्याची खात्री करा. काही छोट्या ट्रॅक्टरना पोटाखालच्या मोअरसाठी आणखी एक पीटीओ असतो. तो मिनिटाला साधारण २,००० फेरे फिरतो, त्याचा मागच्या अवजाराशी संबंध नाही.

पायरी ५: ट्रॅक्टरवर बसण्याआधी खाली वाकून बघा

मागचं थ्री पॉइंट लिंकेज आधी बघा. हॅरी फर्ग्युसनची ही जोडणी १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरबरोबर सर्वत्र पोचली आणि आजही अवजार त्याच तीन बिंदूंवर अडकवलं जातं. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना कॅटेगरी १ असते: खालच्या पिना २२ मिलिमीटर, टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची पिन १९ मिलिमीटर. मोअरच्या पिना याच मापाच्या हव्यात. अगदी लहान ट्रॅक्टरना कॅटेगरी ० असते आणि तिथे अवजारांची निवड फार आखडते.

मग क्लच. पीटीओ स्वतंत्रपणे चालू-बंद होतो का, हे विचारा. जुन्या काही ट्रॅक्टरमध्ये चाकं आणि पीटीओ एकाच क्लचवर असतात आणि स्लॅशरसाठी हे धोक्याचं आहे. कुंपण जवळ आलं म्हणून तुम्ही क्लच दाबता, इंजिन सुटतं, पण जड पाती भिंगरीसारखी फिरतच राहतात आणि त्यांचा जोर पीटीओमधून उलटा येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. क्लच दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही. असा ट्रॅक्टर घेतलाच तर पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवल्याशिवाय स्लॅशर जोडू नका. हा छोटा भाग जोर फक्त एकाच दिशेने जाऊ देतो.

गिअरच्या बाबतीत, झाडांभोवती सतत पुढे-मागे करायचं असेल तर हायड्रोस्टॅटिक घ्या. पाय दाबला की पुढे, दुसरीकडे दाबला की मागे, आणि पातीचा वेग तसाच राहतो. लांब सरळ फेऱ्या मारायच्या असतील तर साधे गिअर टिकाऊ आणि इंधनाला हलके.

टायर जागेवरून ठरवा. उंच खाचांचे शेतीचे टायर चिखलात पकड देतात पण हिरवळ फाडतात, रुंद सपाट टर्फ टायर हिरवळ जपतात पण ओल्यात घसरतात. मागे मोअर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात, म्हणून पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा भाग राहील इतकी वजनं पुढे लावा. स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रॅक्टर वळला नाही तर कारण बहुधा हेच.

पायरी ६: या गोष्टींत तडजोड करू नका

सीटमागे लोखंडी कमान आणि सीटवर पट्टा हवाच. ट्रॅक्टर उलटला तर कमान तुमच्याभोवती जागा राखते आणि पट्टा तुम्हाला त्या जागेत धरून ठेवतो, म्हणून दोन्ही बरोबर वापरायचे. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्याने घटले. फांद्यांखाली जाण्यासाठी कमान दुमडली असेल तेव्हा मात्र पट्टा बांधू नका आणि झाडांतून बाहेर पडताच कमान उभी करा. जुन्या ट्रॅक्टरला कमान नसेल तर ती बसवून मिळते का ते आधी विचारा. मिळत नसेल तर तो ट्रॅक्टर सोडा.

पीटीओच्या दांड्यावर प्लास्टिकचं आवरण असतं. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. शर्टाचं टोक किंवा ओढणी त्यात अडकली की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आवरण फुटलेलं असेल तर नवीन बसवेपर्यंत काम बंद. चालू दांड्यावरून कुणीही ओलांडायचं नाही. मडगार्डवर मूल बसवायचं नाही, अगदी एका फेरीसाठीही नाही. पातीचं टोक ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरतं आणि उडालेला खडा पन्नास-साठ मीटर सहज जातो, तेव्हा कापणीच्या वेळी माणसं आणि जनावरं त्याहून बरीच लांब ठेवा.

पायरी ७: जुना घेत असाल तर

बघायला जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, कारण इंजिनाची खरी तब्येत थंड असताना सुरू करतानाच कळते. तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे, तिथून परत फिरा.

अवजार वर उचलून इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं इतर गोष्टी बघा. तेवढ्यात अवजार खाली टेकलं असेल तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवा. मोअरचं पातं, पीटीओचा दांडा बाजूला काढून ठेवल्यावर, जाड हातमोजे घालून वर-खाली हलवा. खडखड वाजलं तर बेअरिंग गेलं आहे.

पायरी ८: पहिल्यांदा जोडताना

नवा मोअर आणला की पीटीओचा शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टर आणि मोअर जोडणारा दांडा, तसाच लावू नका. तो बऱ्याचदा लांब असतो, आणि मोअर उचलताना त्याची टोकं आत भिडली तर ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग फुटतं. शाफ्टचे दोन भाग वेगळे करा, एक ट्रॅक्टरला आणि एक मोअरला लावा. ट्रॅक्टर आणि मोअरमधलं अंतर सगळ्यात कमी असेल त्या उंचीवर मोअर आणा, खाली भक्कम टेकू द्या आणि इंजिन बंद करा. दोन्ही भाग शेजारी शेजारी धरून बघा. प्रत्येक टोकाला अडीच सेंटिमीटर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींची आवरणं सारख्याच मापाने कापा, कापलेल्या कडा कानशीने घासा आणि ग्रीस लावा. मग मोअर पूर्ण वर-खाली करून बघा: सर्वात लांब ताणलेल्या स्थितीतही दोन्ही नळ्या एकमेकींत नळीच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या तरी असायला हव्यात.

पहिली कापणी उंच ठेवा. माळरानावर १५ सेंटिमीटरवर, म्हणजे लपलेले दगड पात्याला न लागता दिसतील. तासाभराने इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका, पाती थांबेपर्यंत वाट बघा आणि पातीचे व गिअरबॉक्सचे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या मोअरचे बोल्ट पहिल्या तासातच बसतात आणि ढिले होतात.