दुष्काळ सोसणाऱ्या पिकांचा अभ्यास करायचाय? आधी अथणीचा शाळू बघा

बी.एस्सी. ॲग्री झालेली आपल्या बेळगाव भागातली पोरं विचारतात, ‘दुष्काळावर काम करायचंय, जीन कुठला घेऊ?’ जीन नंतर. आधी जानेवारीत अथणीकडं जाऊन शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, बघा. खानापूरच्या भातात हा विषय कळायचा नाही.

शाळू काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येतो, वरून पाऊस जवळपास नाहीच. त्यामुळं पाणी किती यापेक्षा ते कधी खर्चलं, यावर सगळं ठरतं. पोटरीत येईपर्यंतच पानांनी ओल उडवली तर दाणा भरताना ताट उपाशी. मग खडखड्या हा खोड पोखरणारा बुरशीचा रोग शिरतो आणि ताटं लोळतात. काही वाण मात्र शेवटपर्यंत हिरवे राहतात, ते ‘स्टे-ग्रीन’. त्याचा गाजलेला स्रोत बी ३५ हा ज्वारीचा वाण, मूळ इथिओपियाकडचा. एसटीजी (स्टे-ग्रीन) १ ते ४ हे त्यातले हिरवेपणा टिकवणारे जनुकीय भाग. त्यांचं काम बरंचसं फुलोऱ्याआधीच होतं: फुटवे कमी, पानांचा पसारा बेताचा, म्हणून नंतरला पाणी उरतं.

ताण आला की ॲबसिसिक आम्ल हे वनस्पतीचं संप्रेरक वाढतं, पर्णरंध्रांच्या (पानावरच्या बारीक छिद्रांच्या) कडेच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, पर्णरंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येईना. जनुकांचंही तसंच, फायद्याबरोबर तोटा येतो. डीआरईबी१ए हे ताणात इतर जनुकं जागी करणारं जनुक कायम चालू ठेवलं तर रोप खुरटतं. ताण आल्यावरच जागा होणारा आरडी२९ए प्रमोटर (जनुक कधी चालू व्हायचं ते ठरवणारा भाग) जोडला तेव्हा खुरटणं बरंच कमी झालं.

ताणात रोपात साठणाऱ्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या फार नादी लागू नका. निनहायड्रिन हे रंग देणारं रसायन घाला, ५२० नॅनोमीटरला रीडिंग घ्या, झालं; सोपं म्हणून ढीगभर प्रबंध त्यावर. पण पुष्कळदा जास्त होरपळलेल्या रोपातच ते जास्त निघतं. त्यापेक्षा पानातलं सापेक्ष पाणी, म्हणजे पूर्ण भरलेल्या पानाच्या मानानं किती पाणी आहे ते, नीट मोजायला शिका. पानाच्या चकत्या काढल्या की लगेच वजन, चार तास पाण्यात, टिपून वजन, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन. चकत्या बांधावर उन्हात राहिल्या तर तो आकडा वाणाचा नाही, तुमच्या आळसाचा.

एम.एस्सी.ला धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ. सोलापूरचं रब्बी ज्वारी केंद्र आणि बारामतीजवळ माळेगावची अजैविक ताण संस्थाही बघून या. मराठी शाळेतून आलेल्यांनी इंग्रजीचा बाऊ करू नये, ती वर्षभरात जमते. कन्नड मात्र पक्कं करा. अथणीकडचा शेतकरी कुठलं बी का राखतो, हे त्याच्याच भाषेत विचारावं लागतं. माझं मत विचाराल तर पदवी ब्रीडिंगची (वाण तयार करण्याची) घ्या आणि प्रॅक्टिकलं फिजिऑलॉजीच्या (वनस्पतीचं शरीर कसं चालतं त्याच्या) लॅबमध्ये बसून करा.