आमवातात दुखणं आणि वजन कसं आवरायचं

आमवाताचं, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिसचं दुखणं एका जातीचं नसतं. तरी बहुतेक घरांत सगळ्या दुखण्यावर एकच वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि वर्षानुवर्षं घेतली जाते. तिकडे हालचाल कमी होते, वजन वाढतं, गुडघे-घोटे आणखी कुरकुरतात. हे चक्र तोडायचं तर सुरुवात एका प्रश्नापासून करावी: आज जे दुखतंय, ते नेमकं कुठल्या प्रकारचं?

तीन दुखणी, तीन उपाय

पहिलं सुजेचं. सकाळी उठल्यावर सांधे तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले, मूठ वळत नाही, बोटांची मधली पेरं, बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगटं गरम नि फुगलेली, बहुधा दोन्ही हातांना. पडून राहिल्यावर हे वाढतं, हात-पाय हलवल्यावर सुटतं. याचा अर्थ आजार जागा आहे. इथे वेदनाशामकाने ठणका कमी होईल, पण सांध्याचं आतलं नुकसान चालूच राहील. यासाठी आजाराचं मूळ औषध, म्हणजे मेथोट्रेक्सेटसारखं आजारालाच आवरणारं औषध, बदलायला किंवा वाढवायला लागतं.

दुसरं झिजेचं. सकाळी बरं वाटतं, जिने चढले, बाजारात उभं राहिलं की संध्याकाळी गुडघा बोलायला लागतो. सूज फारशी नाही. यावर मूळ औषधाचा डोस वाढवून काही होत नाही. स्नायूंची ताकद, वजन आणि चपला, या तिन्हींकडे बघायचं.

तिसरं अंगभर पसरलेलं. झोप धड नाही, दाबलं तिथे दुखतं, थकवा प्रचंड, आणि रिपोर्ट मात्र बरे. दीर्घकाळ दुखत राहिल्याने मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते, त्यातून हे येतं. ते खरंच असतं, मनाचे खेळ नसतात. इथे स्टिरॉइड वाढवणं चुकीचं. झोप सुधारणं, हळूहळू वाढवत नेलेलं चालणं आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेलं मज्जातंतूंवर काम करणारं औषध यांनी फरक पडतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत रोज एक ओळ लिहा: सकाळी किती मिनिटं आखडलं होतं, सुजलेले सांधे किती, दुखणं दहापैकी किती, झोप कशी. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांच्या रिपोर्टसोबत ही वही दाखवली की औषध वाढवायचं की व्यायाम, हे पाच मिनिटांत ठरतं. 'खूप दुखतंय हो' एवढंच सांगितलं तर बहुतेक वेळा हाती पडते ती आणखी एक वेदनाशामक.

औषधांत चुकतं ते इथे

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ही गोळी रोज घेतल्याने तोंड सोलवटणं, रक्तपेशी घटणं आणि मृत्यूपर्यंत गोष्टी गेल्या आहेत. वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि घरात गोळ्या दुसरं कुणी काढून देत असेल तर त्यालाही समजावून सांगा. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, मेथोट्रेक्सेटचा वार सोडून घ्या. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेऊन झोपावं. तरीही त्रास झाला तर इंजेक्शनचा पर्याय असतो, तो विचारा, पण गुपचूप बंद करू नका. परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि बरेचजण तिसऱ्या आठवड्यातच 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात. रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्याच. दारू टाळायची. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या वेदनाशामकांपैकी दोन गोळ्या कधीही एकत्र नकोत आणि रिकाम्या पोटी तर नकोतच. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्हींना त्या जड जातात.

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सकाळी नाश्त्यानंतर घ्यावं, म्हणजे झोप कमी बिघडते. महिनोन्महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करून बसलेलं असतं, त्यामुळे चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी याबद्दल विचारा. 'वाताची पुडी' म्हणून मिळणारी, वर काहीही न लिहिलेली पावडर तीन दिवसांत जादू करत असेल तर तिच्यात स्टिरॉइड असण्याची दाट शंका घ्या. चेहरा गोल होणं, पोट सुटणं आणि साखर वाढणं ही पुढची पायरी.

हळद भाजी-आमटीत हवी तेवढी घाला, पण हळदीच्या जोरदार कॅप्सूल आणि गुळवेलाचे काढे मेथोट्रेक्सेटसोबत स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असताना ती 'वाढवायला' जाणं मुळातच विपरीत आहे.

काही लक्षणांत उद्याची वाट बघू नये. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप येणं म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. मेथोट्रेक्सेट चालू असताना कोरडा खोकला नि धाप, ताप किंवा तोंडात फोड आले तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असेल तर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. मान दुखून हातांत मुंग्या येत असतील तर मान मोडून घेणं, मानेला झटके देणारी मालिश हे सगळं बंद, कारण आमवातात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात. भूल द्यायची वेळ आली तरी आमवात आहे हे आधी सांगा.

शेक गरम की थंड

सांधा आखडलेला पण थंड असेल तर ओलसर गरम शेक, १५ ते २० मिनिटं. सकाळी हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून पाण्यातच बोटं उघडमीट करणं सर्वांत सोपं. सांधा गरम आणि फुगलेला असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं. गरम सांध्यावर गरम शेक दिला की ठणका वाढतो, आणि मग 'शेक मानवत नाही' असं ठरवून टाकलं जातं.

वजनकाटा फसवतो

आमवातातली दाहकारक रसायनं स्नायू खातात, स्टिरॉइड त्यात भर घालतं, आणि रिकाम्या जागी चरबी साठते. काट्यावर वजन वर्षभर ६२ किलोच राहतं, पण आतला हिशेब पालटलेला असतो. म्हणून वजनासोबत कंबर मोजा: नाभीच्या थोडं वर, श्वास सोडल्यावर. आपल्याकडे बायकांनी ८० आणि पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत राहावं असं धरतात. तिसरं माप ताकदीचं: हात न टेकता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं. हे तिन्ही महिन्यातून एकदा पुरे. रोज काट्यावर उभं राहून फक्त जीव कष्टी होतो.

पोटाची चरबी गप्प पडून राहत नाही. ती स्वतःच दाह वाढवणारी रसायनं सोडते, आणि वजन जास्त असेल तर आमवाताची औषधंही कमी लागू पडतात. गुडघे झिजलेल्यांच्या चालण्याचं मोजमाप झालं, तेव्हा एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असं दिसलं. म्हणून ध्येय मोठं नको. सहा महिन्यांत वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ७० किलोला साडेतीन किलो. आठवड्याला अर्ध्या किलोहून वेगाने उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आमवातात तेच परवडत नाही. भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा विचार असेल तरीही हाच धोका लक्षात ठेवा. प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सोबत नसेल तर ती घेऊ नयेत.

ताटात काय बदलायचं

'संधिवात आहे, डाळ बंद करा' हा सल्ला ऐकून कितीतरी जण वरण-उसळ सोडतात. तो गोंधळ युरिक ॲसिडचा, म्हणजे गाउटचा. तो आजार वेगळा. आमवातात डाळ सोडली की शाकाहारी माणसाचं प्रथिनच जातं. दही, लिंबू, टोमॅटोनेही सांधे धरत नाहीत. एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरंच त्रास होतो असं वाटलं तर तो तीन आठवडे बंद करून पुन्हा खाऊन बघा आणि वहीत लिहा.

मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅमच्या किंचित वर प्रथिनं ठेवा. ६० किलोच्या बाईला ६० ते ७० ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, एक वाटी घट्ट वरणातून ७, वाटीभर मटकीच्या उसळीतून ७, वाटीभर दह्यातून ५, दोन मध्यम भाकऱ्यांतून १२, ५० ग्रॅम पनीरमधून ९ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ५ ग्रॅम मिळतात. बेरीज साठच्या आसपास जाते. अंडी नसतील तर २५ ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, त्यातलं ओमेगा-३ दाहाला थोडं आवरतं. पण कालवणात, रव्यात घोळून तळून नव्हे. शाकाहाऱ्यांसाठी जवसाची चटणी.

स्टिरॉइडची भूक सकाळीच पकडावी. पोहे-उपमा एकटा खाल्ला तर अकरा वाजता पुन्हा पोट मागतं. त्याच पोह्यांत मोड आलेले मूग घाला, सोबत अंडं किंवा दही घ्या. मुगाचं धिरडं त्याहून चांगलं.

कॅलरी कापायच्या त्या तेल-साखरेतून. चार जणांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल पुरलं पाहिजे. पाच लिटरचा डबा संपत असेल तर वजनाचं कोडं तिथेच सुटतं. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे रोज सुमारे १६० कॅलरी. आणि उपवास: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स यांत प्रथिनं नावाला आणि तेल भरपूर. उपवास करायचाच तर दही, दूध, राजगिरा, शेंगदाणे, फळं ठेवा, आणि वेदनाशामकाच्या दिवशी निर्जळी नको.

व्यायाम, दोन तासांच्या कसोटीवर

व्यायामानंतर दुखणं दोन तासांहून जास्त वाढलेलं राहिलं तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. सुजलेल्या सांध्याला ताकदीचा व्यायाम नाही, पण तो दिवसातून दोनदा हळुवार पूर्ण फिरवायचाच. नाहीतर तो त्याच कोनात आखडून बसतो.

मांडीसाठी: पाठीवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास रोखू नका. दोन आठवड्यांनी खुर्चीतून उठ-बस: बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच, गुडघे दुखत असतील तर वर उशी. पाच वेळा, मग विसावा, पुन्हा पाच. उठणं जमतं, पण बसताना धपकन पडलं जातं. खरी ताकद सावकाश बसण्यातच येते.

हातांसाठी कडक रबरी चेंडू दाबत बसू नका. जोरात मूठ आवळताना आधीच सैल झालेली बोटं करंगळीच्या बाजूला आणखी ओढली जातात. त्याऐवजी कोमट पाण्यानंतर बोटं सरळ, मग फक्त पेरं वाकवून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, प्रत्येकी पाच वेळा. तळवा टेबलावर ठेवून एकेक बोट अंगठ्याच्या दिशेने सरकवा. सूज नसेल तेव्हा मऊ कणकेचा गोळा दाबायला हरकत नाही.

चालणं पाच-पाच मिनिटांनी दिवसातून तीनदा सुरू करा, आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन मिनिटं वाढवा, आठवड्याचे १५० मिनिटं होईपर्यंत. पुढून रुंद, जाड मऊ तळाचे बूट घ्या, आणि घरातल्या फरशीवरही मऊ चप्पल घाला. चवड्याचे सांधे अनवाणी चालण्याने फार सोसतात.

स्वयंपाकघर आणि मोरी

नियम एकच: बोटांचं काम तळव्याकडे, तळव्याचं कोपराकडे. पिशवी बोटांत न धरता कोपराच्या बाकात किंवा खांद्यावर. कुकर उचलून आमटी ओतू नका, डावाने काढा. फडका पिळण्याऐवजी बेसिनच्या कडेला ठेवून तळव्याने दाबा. बरणीखाली ओलं फडकं ठेवून झाकण तळव्याच्या जोराने फिरवा, रबरी हातमोजा घातला तर आणखी सोपं. विळीवर जमिनीवर बसून चिरण्यापेक्षा ओट्याशी उंच स्टुलावर बसून जाड मुठीची सुरी वापरा. मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा.

भाकरी थापताना मनगट सारखं मागे वाकतं. ज्वारीच्या पिठाची उकड काढून मळलं तर भाकरी लाटताही येते. लाटणं जाड घ्या, आणि ते बोटांत न आवळता उघड्या तळव्यांनी फिरवा.

भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवता येते, शेजारच्या भिंतीला पकडायला दांडी बसवून घ्या. बादली स्टुलावर आणि अर्धीच भरलेली. कामाच्या दर वीस-पंचवीस मिनिटांनंतर पाच मिनिटं बसायचं, दुखायला लागण्याआधी. दिवाळीचा फराळ आणि गणपतीची तयारी दहा दिवसांत वाटून घ्या, चकलीचा सोऱ्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. एका दिवसात सगळं उरकलं की पुढचा आठवडा हात सुजलेले राहतात.