झटपट आयक्यू चाचणी घेताना आणि घेतल्यावर: या चुका टाळा

"नववं चालू आहे," आई सांगते आणि फॉर्मवर वयाच्या रकान्यात कुणीतरी ९ लिहून मोकळं होतं. पहिली चूक इथेच. नववं चालू म्हणजे आठ पूर्ण. चाचणी ३ जुलै २०२५ ची, जन्म १८ नोव्हेंबर २०१६ चा: तीनातून अठरा जात नाहीत, महिन्याकडून तीस दिवस उसने, मग वर्षाकडून बारा महिने. वय येतं ८ वर्षं, ७ महिने, १५ दिवस. नऊ धरलं की पोराची तुलना मोठ्या मुलांशी होते आणि आयक्यू उगाच घसरतो. मुलांच्या अशा चाचण्या मी घेते, आणि नवखी असताना मीही हे केलंय. रात्री रिपोर्ट टाइप करताना ध्यानात आलं, सकाळी फोन करून आईची माफी मागितली. आता जन्मदाखला समोर असल्याशिवाय वयानुसार आयक्यू काढायचा तक्ता उघडत नाही.

चष्मा घरी राहिला असेल तर चाचणी पुढे ढकला. सर्दीने कान बंद असले तरी तेच. माझी चाचणीची खोली ठाण्यात, नौपाड्यात आहे. गणपतीआधी संध्याकाळी ढोलाचा सराव सुरू झाला की मी सकाळच्याच वेळा देते.

भाषेचा घोळ मात्र सगळ्यात महागात पडतो. या छोट्या चाचण्यांत बहुधा दोनच बाजू असतात, शब्दांची आणि आकृत्यांची. घरी आगरी, शाळेत इंग्रजी, अशा मुलाचे शब्दांत ७८ आणि आकृत्यांत १०४ आले, तर एकत्र आकडा नव्वदीच्या आसपास दिसतो. "नॉर्मल आहे" म्हणून फाइल बंद! मुलाला नेमकं काय अडतंय, ते त्या दोन आकड्यांमधल्या दरीत होतं. शिवाय ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, लिहिण्या-करण्याचा वेग, हे अशा चाचण्यांत सहसा मोजलंच जात नाही. अभ्यासात मागे पडणारी बरीच हुशार मुलं नेमकी तिथेच अडखळतात.

आईबाबांना खोलीत बसवू नका. आईची एक भुवई उंचावली तरी पोरगं उत्तर बदलतं. आपणही "बरोबर" म्हणायचं नाही. "छान चाललंय तुझं" एवढंच.

मग आकडा. सरासरी १००, प्रमाण विचलन (सरासरीपासून गुण साधारण किती पसरतात ते) १५. चाचणीची विश्वसनीयता (गुण कितपत भरवशाचे ते; पूर्ण भरवसा म्हणजे १) ०.९० असेल, तर मिळालेल्या ८८ चा अर्थ, ९५ टक्के खात्रीने, साधारण ७९ ते ९७. रिपोर्टात ही पट्टी लिहा, नुसता ८८ नको. पर्सेंटाइल तर समजावूनच सांगा. आयक्यू ९० म्हणजे २५ वा पर्सेंटाइल. एका वडिलांनी ते वाचून विचारलं होतं, "मॅडम, शंभरपैकी पंचवीसच?" मुलाच्या वयाच्या शंभरातली साधारण पंचवीस मुलं त्याच्या मागे आहेत, हे ऐकल्यावर ते खुर्चीत नीट टेकून बसले.

मनासारखा आकडा आला नाही म्हणून पंधरा दिवसांत दुसरीकडे तीच चाचणी करू नका. आकृत्या लक्षात राहतात, गुण वाढतात, बुद्धी तेवढीच असते.

आकडा ७० च्या आसपास आला, तर पुढची पायरी सविस्तर चाचणीची: बिने-कामत, किंवा मालिन यांची भारतीय मुलांसाठीची. सोबत रोजच्या वागण्याची चौकशीही हवी. आंघोळ स्वतः करतो का, दुकानातून सुटे पैसे मोजून आणतो का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बौद्धिक दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बुद्धी आणि वागणं, दोन्ही आहेत. त्यामुळे वीस मिनिटांच्या चाचणीचा कागद घेऊन दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहू नका, फेरा फुकट जाईल.