कुळागरातल्या घरावर उपग्रह इंटरनेट बसवण्याआधी

उपग्रह इंटरनेटच्या जगाच्या नकाशात जवळजवळ सगळी जमीन एकाच रंगाने भरलेली दिसते, आणि गोव्यातल्या सत्तरीच्या किंवा सांग्याच्या डोंगरात राहणाऱ्याला वाटते की आपला प्रश्न सुटला. त्या रंगाचा अर्थ एवढाच असतो की वरून उपग्रह जातात. आपल्या देशात ही सेवा विकण्याची परवानगी आहे का, आपल्या भागातील क्षमता किती ग्राहकांत वाटली जाणार आहे आणि आपल्या छपरावरून आकाश किती मोकळे दिसते, या प्रश्नांची उत्तरे नकाशात नसतात. म्हणून नोंदणी करण्यापूर्वी पुढील गोष्टी, शक्यतो याच क्रमाने, पाहून घ्याव्यात.

आधी गरज तपासावी. वाड्यापर्यंत फायबर आलेला असेल, किंवा पंचायतीपर्यंत आलेली जोडणी पुढे घरापर्यंत ओढून मिळण्यासारखी असेल, तर विषय तिथेच संपतो. वेग, दर आणि पावसातला भरवसा या तिन्ही बाबतींत फायबर उजवा आहे. पणजी, मडगाव किंवा म्हापशात राहणाऱ्याने या फंदात पडण्याचे कारण नाही. नेत्रावळीच्या परिसरात मात्र टाळेबंदीच्या काळात मुलांना ऑनलाइन वर्गांसाठी डोंगर चढावे लागले होते. ही यादी अशा घरांसाठी आहे.

त्यानंतर कायदा. दूरसंचार विभागाने युटेलसॅट वनवेब, जिओची उपग्रह कंपनी आणि जून २०२५ मध्ये स्टारलिंक यांना परवाने दिले. तथापि परवाना, स्पेक्ट्रमचे म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचे वाटप आणि प्रत्यक्ष ग्राहकसेवा या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. कंपनीने स्वतः भारतातील दर जाहीर करून आपल्या पत्त्यावर मागणी स्वीकारल्याखेरीज कोणत्याही मध्यस्थाला आगाऊ रक्कम देऊ नये. स्टारलिंकने परवान्याआधीच भारतात घेतलेली आगाऊ नोंदणीची रक्कम २०२२ मध्ये परत करावी लागली होती, हे लक्षात असू द्यावे. परदेशातील नातेवाइकाकडून संच मागवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर विनापरवाना उपग्रह संदेशयंत्र जवळ बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशावर कारवाई झाली. त्या व्यक्तीच्या देशात ते यंत्र गिर्यारोहणाच्या दुकानात उघडपणे मिळते.

कोणत्या कक्षेतील सेवा घ्यायची, हे तिसरे. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरल्याने आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे विनंती वर जाऊन उत्तर खाली येईपर्यंत केवळ अंतरापायी ४८० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो आणि प्रत्यक्षात तो ६०० च्या वर भरतो. ईमेल, बँकेचे व्यवहार, होमस्टेची आरक्षणे यांना तो चालतो. व्हिडिओ बैठकीत मात्र दोघे एकदम बोलू लागतात. इस्रोच्या जीसॅट-११ सारख्या उपग्रहांवरून चालणारी व्हीसॅट (छोट्या तबकडीची) सेवा या प्रकारची असून ती भारतात आजही मिळते. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, तर वनवेबचे १,२०० किलोमीटरवर फिरतात. स्टारलिंकचा विलंब साधारणपणे २५ ते ६० मिलिसेकंदांत राहतो आणि डाउनलोडचा वेग जागेनुसार सेकंदाला ५० ते २०० मेगाबिटपर्यंत मिळतो. अपलोड त्याच्या मानाने बराच कमी असतो. वनवेबचा भर कंपन्या व शासकीय ग्राहकांवर असल्याने घरगुती ग्राहकाने तिकडे फारशी आशा ठेवू नये.

आता आकाश, माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळपास गोव्याच्याच रेखांशावर आहे. त्यामुळे आपल्याकडून तो थेट दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ७२ अंश उंचीवर येतो आणि तेवढी एक दिशा मोकळी असली की काम भागते. खालच्या कक्षेचे तसे नाही. तिथे एक उपग्रह काही मिनिटांत नजरेआड होतो व संच पुढच्याकडे वळतो, म्हणून डोक्यावरचा सुमारे १०० अंशांचा शंकू पूर्ण उघडा लागतो. शिवाय स्टारलिंकच्या उपग्रहांचा मोठा भाग ५३ आणि ४३ अंश कललेल्या कक्षांत असल्याने त्यांची दाटी युरोपच्या अक्षांशांवर होते. पंधराव्या अक्षांशावरील गोव्याच्या आकाशात ते विरळ असतात. भूस्थिर उपग्रहांना अडथळा होऊ नये म्हणून त्यांच्या पट्ट्याजवळील आकाश वापरण्यावरही बंधन असते, आणि तो पट्टा आपल्याकडे दक्षिणेला बराच उंचावर येतो. साहजिकच संचाची भिस्त उत्तरेच्या आकाशावर राहते, आणि तिकडील माड किंवा फणस युरोपातल्या घरापेक्षा आपल्याला अधिक महागात पडतो. कुळागरात, माड-पोफळींच्या मधोमध असलेल्या कौलारू घरावर हा शंकू मिळणे कठीणच. कंपनीच्या ॲपमधील अडथळे तपासण्याची सोय वापरून छप्पर, अंगण, विहिरीचा कठडा, गोठ्याचे पत्रे अशा सगळ्या जागा पाहाव्यात, आणि वाऱ्याच्या दिवशी पुन्हा पाहाव्यात, कारण हलणारी झावळी दर खेपेस काही सेकंदांचा खंड पाडते. झाडे तोडण्यापेक्षा उंच खांब उभारणे केव्हाही श्रेयस्कर.

पाऊस हा गोव्यापुरता स्वतंत्र मुद्दा आहे. इथे वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उपग्रहसेवेच्या केयू आणि त्याहून अधिक वारंवारतेच्या केए या पट्ट्यांतील लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात, आणि वारंवारता जितकी जास्त तितके नुकसान अधिक. म्हणून केए पट्ट्याची सेवा घेणाऱ्याने मुसळधार सरीच्या वेळी खंड गृहीतच धरावा. रिमझिम पावसाने सहसा काही बिघडत नाही. एखाद्याचे काम खंड सोसणारे नसेल, तर त्याने मोबाइलचे एखादे कार्ड, छपरावर अँटेना लावून का होईना, पर्याय म्हणून तयार ठेवावे.

विजेचा हिशेब सोपा आहे. साधा संच ७५ ते १०० वॅट खातो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवल्यास दोन ते अडीच युनिट. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांबरोबर तेवढा भार किती तास पेलतो, ते वीज खात्याच्या भरवशावर न राहता आधीच मोजावे. अर्थिंग मात्र जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण चिऱ्याच्या कातळी जमिनीत ते उन्हाळ्यात कमजोर पडते आणि मे व ऑक्टोबरचा विजांचा कडकडाट नेमका उंच खांबाला शोधतो. किनाऱ्याजवळ खांब व नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

शेवटी करार. जाहिरातीतला वेग हा कमाल असतो. एका भागात ग्राहक वाढले की तो संध्याकाळी खाली येतो, आणि २०२४ च्या अखेरीस नैरोबी व लागोसमध्ये क्षमता संपल्याने स्टारलिंकने नवी नोंदणीच थांबवली होती. शेजारच्या बांगलादेशात मे २०२५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा संचाची किंमत ४७,००० टका आणि मासिक दर ४,२०० टकांपासून पुढे होता; मासिक दराइतकीच संचाची किंमतही विचारात घ्यावी, हे यावरून कळते. संच परत करण्याची मुदत, बिघाड झाल्यास तो कोठे पाठवायचा आणि सेवा काही महिने थांबवता येते का, हे लेखी विचारावे. घरी सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरगावाहून पाहायचा असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा: घरगुती योजनेत स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता बहुधा मिळत नाही, त्यामुळे थेट घरच्या राउटरशी जोडणी करणारे जुने कॅमेरे चालत नाहीत, आणि कॅमेरा-कंपनीच्या क्लाउडवरून दिसणारे कॅमेरे घ्यावे लागतात. संच परत करण्याची मुदत शक्य असेल तर पावसाळ्यात सुरू होईल अशी घ्यावी. कोरड्या जानेवारीत केलेली चाचणी आषाढातल्या सेवेबद्दल काहीच सांगत नाही.